बुरशी, पेटी आणि रायवळ

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. सहा महिन्यांचं ऑनसाइट संपवून फ्रान्सहून परत आलो, जेटलॅग जायच्या आत पुण्याहून गाडी काढली आणि सरळ हेदवी गाठली. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रत्नागिरी जिल्हा, गुहागर तालुका. दशभुजा लक्ष्मीगणेशाचं देऊळ आणि समुद्रातली बामणघळ, ही गावाची ओळख.) बॅगेत सगळ्यांसाठी चॉकलेटं होती, बाबांसाठी स्वेटर होता (मे महिन्यात, हेदवीत... असो), आणि आइसपॅकमध्ये गुंडाळलेली एक गोल लाकडी डबी होती. कामाँबेर. स्पेलिंगच्या शेवटी 'टी' आहे, पण तो फ्रेंच लोक उच्चारत नाहीत.

आजीने डबी उघडली. आतला कागद सोडला. पांढरीशुभ्र, मखमलीसारखी लव असलेली चकती. आजी दोन सेकंद बघत राहिली आणि म्हणाली, "अरे, बुरशी आलीय याला! प्रवासात खराब झालं वाटतं. टाकून दे हो."

"आजी, ती बुरशी मुद्दाम लावलेली आहे."

"मुद्दाम?"

आता तिचंही बरोबरच आहे. जून ते सप्टेंबर आमच्या घरात बुरशी हा कुटुंबातला एक सदस्यच असतो. चामड्याच्या चपला, कपाटातले कपडे, पुस्तकांच्या पाठी, कशावरही ती येते. आजीचं सगळं आयुष्य बुरशीशी लढण्यात गेलं. लोणच्यावर चार बोटं तेल हवं, बरणीला ओला हात लागता कामा नये, पापड-सांडगे-आमसुलं-साठं सगळं मे महिन्याच्या उन्हात खडखडीत वाळलंच पाहिजे. कोकणातली साठवण म्हणजे मीठ, तेल आणि ऊन वापरून बुरशीला घराबाहेर ठेवण्याचं शास्त्र. आणि नातू हजारो किलोमीटरवरून तीच बुरशी पैसे देऊन विकत घेऊन आला!

त्या दुपारी मी आजीला कामाँबेरची गोष्ट सांगितली. सांगता सांगता ती भलतीकडेच गेली, थेट आमच्या परसातल्या आंब्यापर्यंत. म्हणून म्हटलं या वीकेंडला लिहूनच काढावी.

तर, मुळापासून सुरुवात करू.

पांढऱ्या बुरशीच्या मऊ चीजमध्ये दोन नावं मोठी: ब्री आणि कामाँबेर. ब्री वयाने कितीतरी मोठं. पॅरिसच्या पूर्वेला ब्री नावाचा प्रदेश आहे, त्यातलं मो हे गाव पॅरिसपासून चाळीस-पन्नास किलोमीटर. मोची ब्री म्हणजे केवढी, तर ३६-३७ सेंटीमीटर व्यासाची पातळ चकती, वजन अडीच-तीन किलो, आणि एका चकतीला साधारण २५ लिटर दूध. १८१५ मध्ये नेपोलियननंतरच्या युरोपची वाटणी करायला व्हिएन्नात सगळे मुत्सद्दी जमले होते. तेव्हा फ्रान्सच्या तालेराँने चीजची स्पर्धा लावून दिली आणि त्यात ब्रीला 'चीजचा राजा' ठरवलं, अशी कथा सांगतात. युद्ध हरलेल्या देशाने निदान जेवणाच्या टेबलावर तरी जिंकून घेतलं!

कामाँबेर मात्र नॉर्मंडीतल्या एका टीचभर गावाचं. गावाची वस्ती दोनशेच्या आसपास. मी एका रविवारी ऑफिसमधल्या मित्राच्या गाडीतून तिथे गेलो होतो. हिरवे उतार, सफरचंदाची झाडं, चष्मा घातल्यासारखे डोळ्यांभोवती पट्टे असलेल्या गायी, आणि बारीक पाऊस. पाऊस बघून घरची आठवण आली, फक्त स्वेटर घालावा लागला एवढंच.

गावातली गोष्ट अशी: १७९१ साली, राज्यक्रांतीच्या धामधुमीत, मारी आरेल नावाच्या शेतकरी बाईने एका पळून आलेल्या धर्मगुरूला आसरा दिला. तो ब्री प्रदेशातला होता. त्याने तिला तिकडची पद्धत शिकवली आणि कामाँबेर जन्माला आलं. गोष्ट छान आहे, एकच अडचण आहे. १७०८ साली छापलेल्या एका भूगोलकोशात कामाँबेरच्या चीजचा उल्लेख आहे. म्हणजे मारीच्या जन्माच्या कितीतरी आधी! पियेर बोइसार नावाच्या समाजशास्त्रज्ञाने या सगळ्या दंतकथेवर एक अख्खं पुस्तकच लिहिलं आहे. मारी आरेल खरी होती, चीज करत होती, आणि तिच्या मुलानातवंडांनी धंदा वाढवला, एवढं नक्की.

पण ही दंतकथा प्रसिद्ध कशी झाली ते त्याहून मजेदार आहे. १९२६ साली जो क्निरिम नावाचा अमेरिकन डॉक्टर शेजारच्या विमूतिए गावात उगवला. म्हणाला, मी माझ्या पोटाच्या रोग्यांना कामाँबेर देऊन बरं करतो, मला मारी आरेलचं स्मारक बांधायचं आहे. गावकऱ्यांना त्याआधी तिचं फारसं सोयरसुतक नव्हतं. दोन वर्षांत, १९२८ मध्ये, फ्रान्सच्या माजी राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते पुतळ्याचं अनावरण झालं. पुढे जून १९४४ मध्ये अमेरिकन विमानांनीच विमूतिएवर बॉम्ब टाकले आणि पुतळ्याचं डोकं उडालं. युद्धानंतर नवा पुतळा आला, तोही अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या एका चीज कारखान्यातल्या कामगारांच्या वर्गणीतून.

असो. आजीला पुतळ्यात काही रस नव्हता. तिचा प्रश्न होता, "पण करतात कसं?"

करतात असं. गायीचं ताजं दूध किंचित आंबू द्यायचं, कोमट करायचं, साधारण ३२-३४ अंश. मग त्यात रेनेट घालायचं की ते दह्यासारखं धरतं. हे दही चमच्याने ढवळायचं नाही, मोडायचं नाही. मोठ्या पळीने उचलून भोकं असलेल्या गोल साच्यात अलगद ओतायचं. अस्सल नॉर्मंडी कामाँबेरच्या नियमाप्रमाणे एका साच्यात किमान पाच पळ्या, आणि प्रत्येक पळीनंतर पाऊण-एक तासाची विश्रांती. पाणी आपोआप निथळतं. दाबायचं नाही. मग मीठ, आणि वरून बुरशीचे बीजाणू. त्यानंतर सुमारे तीन आठवडे थंड, दमट खोलीत. एक चकती भरते अडीचशे ग्रॅम, आणि तिला दोन लिटरहून थोडं जास्त दूध लागतं.

खरी गंमत त्या तीन आठवड्यांत होते. दही आंबट असतं, त्यात लॅक्टिक ॲसिड असतं. बुरशी पृष्ठभागावर वाढते आणि तिथलं ॲसिड खाऊन टाकते. त्यामुळे कडेचा आंबटपणा कमी होतो आणि आतलं ॲसिड बाहेरच्या दिशेने सरकू लागतं. त्याच वेळी बुरशीची एन्झाइम्स प्रोटीन तोडतात, त्यातून थोडा अमोनिया सुटतो, पीएच आणखी वर जातो, कॅल्शियम सालीकडे ओढलं जातं आणि खडूसारखा ठिसूळ असलेला भाग हळूहळू सायीसारखा मऊ होतो. कडेकडून मध्याकडे. म्हणून चकती पातळच हवी. जाड केली तर मध्य पिकायच्या आत कड वाहून जाईल. अर्धवट पिकलेली कापली तर मधोमध पांढरी रेघ दिसते.

आजी ऐकत होती. तिने चकती हातात घेतली, अंगठ्याने मध्यभागी हलकेच दाबली, मग कडेला दाबली, नाकाशी नेली आणि म्हणाली, "मधे कच्चं आहे अजून. दोन दिवस ठेव."

मी उडालोच. विमूतिएच्या बाजारात दुकानदाराने अगदी हेच केलं होतं, अंगठा आणि नाक. "तुला कसं कळलं?"

"आंबा नाही का बघत आपण?"

बरोबर. अढी! झाडावरून तयार फळ उतरवायचं, भाताच्या पेंढ्यात थर लावून अंधाऱ्या खोलीत ठेवायचं, रोज वास घ्यायचा, अंगठ्याने अंदाज घ्यायचा, पिकलेलं वेगळं काढायचं. फ्रेंच लोकांनी या कामाला वेगळा शब्द आणि वेगळा व्यवसाय दिला आहे. नुसतं चीज पिकवणारे तज्ज्ञ असतात तिथे. आमच्याकडे ते काम आजी साठ वर्षं फुकट करते आहे.

मग मात्र तिने नेमका प्रश्न विचारला. "ते रेनेट म्हणजे काय?"

इथे खोटं बोलावंसं वाटलं होतं, खरं सांगतो. पण सांगितलं. दूध पिणाऱ्या वासराच्या पोटातून काढतात. हल्ली इतर प्रकारचंही मिळतं, पण अस्सल पारंपरिक चीजमध्ये तेच. आजीने चकती कागदात गुंडाळली, डबीत ठेवली, झाकण लावलं, हात धुऊन आली. रागावली नाही. "तुम्ही खा," एवढंच म्हणाली.

रात्री ओटीवर पडल्या पडल्या विचार करत होतो. दमटपणा आपल्याकडे काय कमी आहे? मग कोकणात असलं काही का झालं नाही? एक कारण आजीने दुपारीच दिलं होतं. दुसरं म्हणजे तापमान. त्यांच्या पिकवायच्या खोल्या ११ ते १३ अंशांच्या. आमच्याकडे तेवढ्यात तर माणसं आजारी पडतील. तिसरं, दूध. कोकणातली गाय बुटकी, काटक, डोंगरउतारावर चरणारी. दिवसाला दोन-तीन लिटर दिलं तरी पुष्कळ. त्यातून घरचं भागलं की संपलं. आणि चौथं म्हणजे भाषा. आपल्याकडे दूध 'नासतं'. नासणं म्हणजे वाया जाणं. बंगालने नासलेल्या दुधातून रसगुल्ला काढला, आपण खव्याकडे आणि चक्क्याकडे गेलो. तसा चक्का म्हणजे न पिकवलेलं चीजच की! दही टांगायचं, पाणी निथळू द्यायचं. पहिल्या दोन पायऱ्या आपण त्यांच्यासारख्याच चढतो, मग साखर घालून श्रीखंड करतो आणि संपवून टाकतो. तीन आठवडे कोण थांबतंय!

युरोपियन लोक आपल्या दारात आले नव्हते असंही नाही. हेदवीच्या उत्तरेला दाभोळ. १५०८ च्या शेवटी पोर्तुगीजांच्या आल्मेदाने ते बंदर लुटून जाळलं. पण पोर्तुगीजांनी या किनाऱ्याला चीज दिलं नाही. दिली ती कलम बांधायची कला. गोव्यात त्यांनी आंब्यावर ती वापरली आणि आफोन्सो द आल्बुकेर्कच्या नावाचं फळ तयार झालं. आल्फोन्सो, हापूस.

आता त्या लाकडी डबीकडे येतो. ब्रीची चकती मोठी आणि नाजूक, पॅरिस जवळ, त्यामुळे तिचं भागत होतं. कामाँबेर छोटं, पण गाव लांब. १८५५ साली पॅरिस ते काँ हा रेल्वेमार्ग पुरा झाला आणि नॉर्मंडीचं चीज एका दिवसात राजधानीत पोचू लागलं. तरी गवतात बांधलेल्या चकत्या लांबच्या प्रवासात चेपायच्या. १८९० च्या सुमारास रिदेल नावाच्या इंजिनियरने (आपलाच माणूस!) पॉपलरच्या पातळ लाकडाची गोल डबी काढली. डबीमुळे चीज देशभर आणि समुद्रापार जाऊ लागलं. झाकणावर रंगीत लेबलं आली. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांच्या शिध्यात कामाँबेर गेलं आणि एका खेड्याचं चीज अख्ख्या फ्रान्सचं झालं.

आणि मग, अर्थातच, सगळेच ते करू लागले. नॉर्मंडीतल्या उत्पादकांनी १९०९ मध्ये 'अस्सल कामाँबेर'वाल्यांची संघटना केली, पण १९२६ साली ऑर्लेआँच्या न्यायालयाने सांगितलं की कामाँबेर हे आता सर्वसामान्य नाव झालं आहे, कोणीही वापरावं. शेवटी १९८३ मध्ये 'कामाँबेर द नॉर्मांदी' एवढ्या पूर्ण नावाला संरक्षण मिळालं: न तापवलेलं दूध, पळीने भरणं, ठरलेला प्रदेश. २००७ मध्ये दोन मोठ्या कंपन्यांनी सुरक्षिततेचं कारण देत कच्चं दूध सोडलं आणि नियम सैल करायची मागणी केली. लहान उत्पादक अडून बसले आणि नियम टिकला.

हे वाचताना हेदवीच्या माणसाला ओळखीचं वाटणारच. आमची पेटी! पूर्वी लाकडी फळ्यांची, आत पेंढा, पाच डझन हापूस. आता पुठ्ठ्याचा बॉक्स आला, तरी आम्ही म्हणतो पेटीच. पेटीमुळे हापूस मुंबईला पोचला आणि पेटीमुळेच कुठलाही आंबा हापूस म्हणून विकता येऊ लागला. दोन वर्षांपूर्वी बाबांनी शहरातल्या एका व्यापाऱ्याकडे तीस पेट्या पाठवल्या. नंतर बाबा सहज तिथे गेले, तर आमच्या नावाच्या पेट्यांमध्ये वरचा थर आमचा आणि खाली भलतेच कुठले तरी आंबे. बाबा काही बोलले नाहीत. बसने परत आले आणि दोन दिवस गप्प होते. कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण पेटी उघडून कोण बघतो?

इथपर्यंत दोन्ही गोष्टी समांतर चालल्या होत्या. आता जे सांगणार आहे त्यासाठी ही पोस्ट लिहितो आहे.

कामाँबेर मूळचं पांढरं नव्हतंच! एकोणिसाव्या शतकातली साल निळसर-करडी असायची, त्यावर तांबूस डाग. प्रत्येक शेतावर, प्रत्येक तळघरात आपापली बुरशी, त्यामुळे रंग आणि चव वेगवेगळी. लोकांना मात्र स्वच्छ पांढरं हवं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाश्चर इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी एक पांढरी जात निवडून उत्पादकांना पुरवायला सुरुवात केली. ती भराभर वाढते, दिसायला सुंदर, कधी दगा देत नाही. हळूहळू बाकी सगळ्या मागे पडल्या आणि कामाँबेर, ब्री, सगळीकडे तीच आली. पेनिसिलियम कामाँबेर्टी. पेनिसिलीन देणाऱ्या बुरशीची चुलत बहीण.

आमच्या भाषेत सांगायचं तर सगळ्यांनी एकच बिल्ड प्रॉडक्शनला टाकला आणि बाकीच्या ब्रँचेस डिलीट केल्या.

जानेवारी २०२४ मध्ये फ्रान्सच्या सीएनआरएस या राष्ट्रीय संशोधन संस्थेने धोक्याची घंटा वाजवली. शंभरेक वर्षं एकाच क्लोनची कॉपी काढत राहिल्यामुळे या बुरशीत खराब म्युटेशन्स साचली आहेत. लैंगिक प्रजनन तिला शक्य नाही, कारण वेगळा जोडीदारच उरलेला नाही. आणि आता तिची बीजाणू तयार करायची ताकदही कमी होत चालली आहे. बीजाणू नाहीत तर पुढच्या चकतीवर शिंपडणार काय? संशोधकांचं म्हणणं, तिची एक जवळची नातेवाईक बुरशी आहे, जिच्यात अजून विविधता टिकून आहे. तिच्याकडे वळा. पण त्यासाठी खाणाऱ्यांना वेगवेगळ्या रंगांची, वेगवेगळ्या चवींची साल चालवून घ्यावी लागेल.

हे मी दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी वाचून दाखवलं. बाबा पटकन म्हणाले, "म्हणजे हापूसच की."

हापूस म्हणजे काय? कलम. कलम म्हणजे क्लोन. हापूसची कोय रुजवली तर हापूस मिळेलच याचा भरवसा नाही, म्हणून फांदीच जोडायची. मूळ एकाच झाडाच्या फांद्या शेकडो वर्षं पुढे पुढे जोडलेल्या. म्हणून तर प्रत्येक पेटीत तीच चव. आणि म्हणूनच एकाला साका धरायची खोड असली की सगळ्यांनाच, एक वर्षाआड फळायची सवय असली की सगळ्यांनाच. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने 'रत्ना' ही साका न होणारी जात काढली, ती नीलम आणि हापूसचा संकर करून. इलाज सापडला तो दुसऱ्या आंब्यात.

आता आमच्या परसातली परिस्थिती. विहिरीमागे एक अजस्र रायवळ आंबा आहे, पणजोबांच्याही आधीचा. कोयीतून आपोआप आलेला, त्याच्यासारखा दुसरा जगात नाही. फळ लहान, धागे भरपूर, रस पातळ, वासाला अप्रतिम. कोणी विकत घेत नाही. देवळाकडे येणारे पर्यटक वाढल्यामुळे बाबा दोन खोल्यांचं होमस्टे काढताहेत आणि गाड्या लावायला जागा हवी. रायवळ तोडायचा, हे माझ्या येण्याआधीच ठरलेलं होतं. माणूसही सांगून ठेवला होता. आणि खरं सांगायचं तर फ्रान्सहून फोनवर मीच म्हटलं होतं, "तोडून टाका बाबा, नुसता कचरा पडतो."

आजीने विरोध केला नव्हता. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

बाबा म्हणाले तो शब्द हवेत राहिला. कोणी काही बोललं नाही. आजी उठून मागे गेली, येताना ओच्यात पंधरा-वीस रायवळ घेऊन आली आणि बादलीत टाकले. आम्ही तिघांनी ते तिथेच चोखून खाल्ले, कोपरापर्यंत रस. कोयी ती एका सुपात गोळा करत होती.

"कशाला ठेवतेस?" बाबांनी विचारलं.

"विरजण मोडू नये रे घरातलं," ती म्हणाली.

तिच्याकडचं दह्याचं विरजण तिच्या सासूने दिलेलं आहे. रोज कालच्यातलं चमचाभर आजच्या दुधात. एकदा वादळात सगळं बिघडलं, तेव्हा शेजारच्या घरातून परत आणलं, कारण ते तिनेच कधीतरी त्यांना दिलं होतं. म्हणजे बॅकअप होता. मला हे बावीस हजार रुपयांचा कोर्स करून शिकावं लागलं.

दोन दिवसांनी कामाँबेर कापलं. मध्यापर्यंत एकसारखं मऊ, पांढरी रेघ गायब. आजीचा अंदाज तंतोतंत. बाबांनी भाकरीला लावून खाल्लं आणि म्हणाले, बरं आहे, पण लसणीची चटणी हवी. आजीने नुसतं बघितलं, "पिकलं ना नीट?" विचारलं आणि रिकामी डबी धुऊन स्वतःच्या सुया-दोऱ्यांसाठी ठेवून घेतली.

पुण्यात परत आलो. मुंबईत काही वर्षांपूर्वी दोन भावांनी अशी पांढऱ्या सालीची चीजं करायला सुरुवात केली. नावं बॉम्ब्री आणि कॅमेम्बे! म्हणजे ती बुरशी आता आपल्याकडेही मुद्दाम वाढवली जाते. एकदा चाखून बघा.

रायवळाचं काय झालं? गेल्या आठवड्यात फोन केला. तोडणारा माणूस आला होता, त्याला बाबांनी "पावसाळ्यानंतर बघू" सांगून परत पाठवलं. पावसाळ्यानंतर काय होईल ते मला माहीत नाही. होमस्टेचं कर्ज काढलेलं आहे आणि गाड्यांना जागा लागणार आहेच. पण पडवीत दुधाच्या पिशव्यांमध्ये माती भरून ओळीने ठेवलीय म्हणे, आणि सात कोयींना तांबूस पालवी फुटली आहे. प्रत्येकीला फळ कसं येईल ते कोणालाच सांगता येत नाही. तसेही, ते कळायला आठ-दहा वर्षं लागतील.

दोन रोपं मी मागून घेतली आहेत. फ्लॅटच्या बाल्कनीत आंबा जगतो का, कोणाला अनुभव असेल तर जरूर कळवा.